औषधविक्रेत्याचा नकार

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि आम्ही सारे दाराआड गेलो. औषधांची दुकाने मात्र उघडी राहिली. अनेक दवाखाने बंद होते, तेव्हा ताप, खोकला आणि भीती घेऊन माणसे प्रथम तेथेच गेली.

२३ मार्चला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवकांना व रुग्णांच्या घरच्यांना प्रतिबंधक म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सुचविले. लगेच ते सर्वांनाच हवेसे झाले. संधिवाताच्या व ल्यूपसच्या रुग्णांची नित्याची गोळी धडधाकटांच्या कपाटात जाऊ लागली. २६ मार्चला केंद्र शासनाने तिला 'एच-१' अनुसूचीचे नियम लागू केले : डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विक्री नाही आणि प्रत्येक विक्रीची वहीत नोंद.

नियम राजपत्रात छापला गेला. तो पाळावयाचा होता गल्लीतल्या फार्मासिस्टने, ओळखीच्या गिऱ्हाइकासमोर. 'चिठ्ठी आणा' असे शेजाऱ्यालाच सांगणे सोपे नसते. त्यात विक्री बुडते, प्रसंगी स्नेहही दुरावतो. परंतु त्या नकारामुळेच एखाद्या अनोळखी रुग्णाची गोळी शिल्लक राहते.

२२ मार्चच्या सायंकाळी डॉक्टर-परिचारिकांसाठी आम्ही टाळ्या वाजविल्या, ते उचितच झाले. आम्हांला 'नाही' म्हणणाऱ्या त्या दुकानदाराचे ऋण मात्र आमच्या ध्यानी आले नाही. गरजवंताचा वाटा त्याच्यासाठी राखून ठेवणे हीदेखील सेवाच होय.