कोहिमाची टेकडी

नागालँडची राजधानी कोहिमा येथे जाणाऱ्याने गॅरिसन टेकडीवरील युद्ध-स्मशानभूमी अवश्य पाहावी. पायऱ्यापायऱ्यांच्या हिरवळीवर १४२० सैनिक चिरनिद्रा घेत आहेत. अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख जवानांचे स्मारक निराळे आहे. १९४४ साली येथील टेनिसच्या पटांगणाच्या दोन कडांवरून उभय सैन्ये झुंजली. त्या पटांगणाच्या रेषा आजही आखून ठेविल्या आहेत.

त्याच मार्चमध्ये सांगशाक येथे मराठा पलटणीने इतरांसह जपान्यांस काही दिवस रोखून धरिले. आणि त्या मोहिमेत जपान्यांबरोबर आझाद हिंद सेनाही होती. दोहींकडे हिंदी माणूसच! मग न्याय कोणत्या बाजूस?

आमचे वडील १९७१ च्या युद्धातील जुने शिपाई. त्यांस आम्ही हेच विचारिले. आमचा मुलगा यंदा सैन्यात जाऊ म्हणतो, म्हणून प्रश्न घरचाच होता.

ते म्हणाले, "सुमारे एक कोट निर्वासित दाराशी आले, तेव्हा लढणे आम्हांस धर्म्य वाटले. पण खरी पारख विजयानंतरची. डिसेंबरात ढाका हाती आले. मार्च १९७२ मध्ये आमचे सैन्य परत फिरले. जिंकलेली भूमी ज्यास सोडवते, त्याचेच युद्ध न्याय्य. नातवाने जावे, पण हे विचारून जावे. येथे निजलेल्यांस विचारण्याची सवड कोणी दिली नाही."