डबलसीट, पण पाय टेकवून!

माझी उंची पाच फूट एक इंच आणि क्लासिक ३५०ची सीट ८०५ मिलिमीटरवर. एकटी असताना नुसते चवडे टेकले तरी निभावतं. पण मागे आई बसली, की सिग्नलला गाडी जरा कलली तरी सगळा भार एका चवड्यावर!

गॅरेजवाल्याचा तोडगा तयार होता, 'मॅडम, मागचे शॉकअप छोटे टाकू.' म्हटलं, थांबा. डबलसीट गाडी आधीच दबते. त्यात ती खाली आणली तर पुण्यातले स्पीडब्रेकर तिच्या पोटाला घासणार. वर साइड स्टँड लांब पडून गाडी पार्किंगमध्ये पलीकडे लवंडायची भीती. स्प्रिंग सैल करणंही उलटंच, मागे माणूस असताना ती कडक हवी.

शेवटी गाठला सीटवाला. फक्त माझ्या सीटचा फोम इंचभर कमी केला आणि पुढचं टोक दोन्ही बाजूंनी निमुळतं. (उंचीइतकीच रुंदीही नडते बरं का! मांड्या कमी फाकल्या, की पाय खाली पोचतात.) तासाभरात बूड कुरकुरतं, पण आमची धाव कोथरूड ते मंडई. डावा तळवा आता पूर्ण टेकतो.

आईलाही नियम घातलाय: मी 'हं' म्हटल्याशिवाय चढायचं नाही, उतरायचं नाही. 'रिक्षावालेसुद्धा इतका भाव खात नाहीत,' ती म्हणते.