ट्रॅक्टर शेतातून रस्त्यावर काढण्याआधी

आमच्या शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात दवाखान्यालाही हंगाम असतो. जूनमध्ये चिखलणीला पायांच्या जखमा, लावणीत कंबर आणि चिखल्या, आणि दिवाळीच्या सुमारास मळणी सुरू झाली की रात्रीचे अपघात. ट्रॅक्टरमुळे झालेल्या दुखापती पाहताना मी नेहमी विचारतो, "कुठे झालं?" शेताचं नाव क्वचितच येतं. बहुतेक वेळा उत्तर असतं, "रस्त्यावर, डॉक्टर."

कारण साधं आहे. आपली शेतं लहान आणि विखुरलेली. एकच ट्रॅक्टर तासाच्या भाड्याने चार गावांत फिरतो. मागे कधी रोटाव्हेटर, कधी मळणी यंत्र, कधी पेंढ्याची ट्रॉली. आणि वाटेत मुंबई-नाशिक महामार्ग नाहीतर माळशेज घाटाकडे जाणारा कल्याण-नगर रस्ता लागतोच.

मागच्याला तुम्ही दिसता का?

ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने चाललाय आणि मागून गाडी ८० ने येतेय. मधलं १०० मीटर अंतर ६ सेकंदांत संपतं. रात्री मोटारसायकलच्या खालच्या दिव्यात साधारण ३०-४० मीटर दिसतं. ६० च्या वेगात समोरचं लक्षात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंतच २०-२५ मीटर गेलेले असतात. म्हणजे न दिसणाऱ्या ट्रॉलीमागे चांगला चालवणाराही वाचेलच असं नाही. त्यात ट्रॉलीची कड येते नेमकी त्याच्या छाती-तोंडाच्या उंचीला. म्हणून या अपघातांत डोक्याची आणि छातीची दुखापत जास्त.

"रिफ्लेक्टर आहे की," असं बरेच जण सांगतात. असतो, पण चिखलाने माखलेला, नाहीतर लोंबणाऱ्या पेंढ्याखाली झाकलेला. निघण्याआधी फडका मारा. २०-२५ पावलं मागे जाऊन बॅटरीचा झोत टाकून स्वतः पाहा. ट्रॉली बंद पडली तर ती रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. ते जमत नसेल तर बरंच मागे चमकणारा त्रिकोण ठेवा. चाकामागचे दगड निघताना उचला, पुढच्या दुचाकीवाल्यासाठी ते जीवघेणे असतात.

निघण्याआधीची पाच मिनिटं

शेतात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबतात. रस्त्यावर दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावलीच पाहिजे. वेगात एकच ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. हुकाच्या पिनेला खालून अडकवण्याची छोटी पिन आहे ना, तेही पाहा. जोडीला साखळी असू द्या. उतारावर न्यूट्रल करू नका. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, कारण भरलेली ट्रॉली मागून ढकलते. रोटाव्हेटर उचलून त्याचं फिरणं बंद करा आणि पात्यांवर गोणपाट बांधा.

आणि मडगार्डवर कोणी बसवू नका. ट्रॅक्टरला सीट एकच असते. एका खड्ड्याने माणूस मोठ्या चाकाखाली जातो. कमरेचं हाड मोडलं की रक्त पोटात साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. "काही लागलं नाही, नुसता मुका मार आहे," असं म्हणणारा माणूस तासाभरात थंड पडू शकतो. अंगावरून चाक गेलेल्या प्रत्येकाला दवाखान्यात आणाच.

अपघात झालाच तर

आधी इंजिन बंद करा, मागून येणाऱ्यांना थांबवा, आणि १०८ ला फोन करा. गावाचं नाव, फाटा, जवळची शाळा किंवा देऊळ सांगा. रेंज नसेल तर एकाला दुचाकीवर पुढे पाठवा.

• रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने घट्ट दाबा. १० मिनिटं उचलून पाहू नका. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हळद, माती, डिझेल काही लावू नका.
• आत घुसलेलं लोखंड उपसू नका. तेच रक्त अडवून धरत असतं.
• मान-पाठ दुखत असेल तर हातपाय धरून उचलू नका. पाणी, चहा देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.
• माणूस खाली अडकला असेल तर ट्रॅक्टर सुरू करून पुढे-मागे करू नका. अडकल्याची वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. बराच वेळ दाबलेला पाय मोकळा झाल्यावर त्यातले घातक घटक रक्तात मिसळून हृदय आणि मूत्रपिंडावर येऊ शकतं.
• बोट तुटलं तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला. ती पिशवी बर्फात ठेवा, बोट थेट बर्फात नको.

अनोळखी जखमीला मदत करायला लोक पोलिसांच्या भीतीने कचरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

ट्रॅक्टरच्या पेटीत पाना असतोच. त्याच्याशेजारी धुतलेल्या सुती साडीचे चार तुकडे, रुंद बँडेज, बॅटरी आणि तो त्रिकोण ठेवा. मळणीच्या आधी हे एवढं एका संध्याकाळी होतं. आमच्याकडे टाके घालायची सोय आहे, पण ती वापरावी लागली नाही तर मला आनंदच आहे.