आजोबांची जमीन, 2001चा भाव

वारसाहक्काने जमीन नावावर चढते तेव्हा आयकर लागत नाही. तो लागतो विकताना. सातबाऱ्यावर नातवाचे नाव कालच्या फेरफाराने आले असले, तरी धारणकाळ आजोबांच्या खरेदीपासून मोजतात आणि खरेदीची किंमतही त्यांचीच धरतात. आता 1962 सालच्या खरेदीखतावरचे आकडे आज हास्यास्पद वाटतात. म्हणून 1 एप्रिल 2001 पूर्वीच्या जमिनीला त्या दिवशीचा बाजारभाव घेता येतो, मात्र तो त्या वेळच्या रेडी रेकनरच्या वर जाऊ शकत नाही.

समजा, तो भाव 10 लाख आणि 2024-25 मधली, 23 जुलैनंतरची विक्री 60 लाखांची. नव्या 12.5 टक्के दराने कर 6.25 लाख. जुन्या पद्धतीत महागाई निर्देशांकाने (363) किंमत 36.3 लाख होते, उरलेल्या 23.7 लाखांवर 20 टक्के म्हणजे 4.74 लाख. उपकर वेगळा. 23 जुलै 2024 पूर्वीच्या जमिनीसाठी निवासी व्यक्तीला कमी पडणारा आकडा स्वीकारता येतो. अनिवासी वारसाला ही सवलत नाही, आणि हे जरा अन्यायाचेच. शहरहद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडची ग्रामीण शेतजमीन मात्र या करातून पूर्ण सुटते.