मिठाच्या वाळवंटात एक मुक्काम

सहलीचा विषय निघाला की आपल्या वस्तीत दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड, अजिंठा-वेरूळ हीच नावे आधी येतात. ती आलीच पाहिजेत. पण आपल्या मुलाबाळांनी वाळवंटही पाहावे, उघड्या आभाळाखाली एक रात्र काढावी, यात काही गैर नाही. असल्या सहली पैसेवाल्यांसाठी असतात असे समजून आपण गप्प बसतो. चार कुटुंबांनी मिळून नीट हिशेब मांडला तर मुंबईहून कच्छचे रण शनिवार-रविवारात पाहून होते.

रण म्हणजे वाळूचे नव्हे, मिठाचे वाळवंट. पावसाळ्यात तेथे पाणी भरते आणि ते आटले की मिठाचा पांढरा थर उरतो. जावे ते डिसेंबर ते फेब्रुवारीत, शक्यतो पौर्णिमा धरून. पौष किंवा माघ पौर्णिमेला आपण एरवी विहारात जमतो. एखादे वर्षी त्या चांदण्यात, जिथवर नजर जाईल तिथवर पांढऱ्या जमिनीवर बसून सर्वांनी त्रिसरण-पंचशील घ्यावे.

शुक्रवारी अर्ध्या दिवसाची आणि सोमवारी एक रजा टाकावी. वांद्रे टर्मिनसहून संध्याकाळी कच्छ एक्सप्रेस पकडली की शनिवारी सकाळी भुज. तेथून सर्वांत मिळून एक जीप ठरवावी. शनिवारी दुपारी बन्नी भागातली गावे, संध्याकाळी धोरडोचे पांढरे रण आणि रात्री होडका गावी मुक्काम. रविवारी पहाटे निघून खावडामार्गे धोळावीरा पाहावे आणि रात्रीच्या गाडीसाठी भुजला परतावे. हा सरहद्दीचा मुलूख आहे. रणात जाण्यासाठी परवाना काढावा लागतो, म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ हवे. परतायची वेळ चौकीवरच विचारून घ्यावी. रणात खुणेला झाड नाही की दगड नाही, त्यामुळे मुलांना एकटे पुढे सोडू नये. रात्री थंडी बोचते. स्वेटर, कानटोप्या, बॅटरी आणि माणशी एक जाड चादर घ्यावी.

पण सगळ्यात आधी दोन गोष्टी ठरवाव्यात. पाणी कुठले आणि मुक्काम कुठे?

पिण्याचे पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरून भुजलाच भरून घ्यावे. पुढे रणात दिसेल ते पाणी खारट. अशा मुलखात सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी धोळावीराच्या लोकांनी मनसर आणि मनहर या दोन पावसाळी नाल्यांचे पाणी वळवले व खडकात खोदलेल्या मोठमोठ्या हौदांत साठवले. २०२१ साली युनेस्कोने हे नगर जागतिक वारसा म्हणून जाहीर केले. त्या हौदांच्या काठावर मुलांना उभे करून चवदार तळ्याची गोष्ट जरूर सांगावी. या देशात पाणी नाही तेथे ते साठवणारे हात होते, आणि पाणी होते तेथे ते माणसाला नाकारणारेही होते. २० मार्च १९२७ चा अर्थ मुलांना तेथे लवकर कळेल.

आता मुक्काम. पांढऱ्या रणात आपला तंबू ठोकता येत नाही. धोरडोच्या तंबूनगरीचे दर आपल्या खिशाला जड. त्यापेक्षा बन्नीच्या गावांत भुंग्यात राहावे. भुंगा म्हणजे मातीचे गोल घर, वर गवताचे निमुळते छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात मोठमोठ्या इमारती कोसळल्या, पण असे कितीतरी भुंगे उभे राहिले.

याच भागात मेघवाळ समाजाची वस्ती आहे. ही अनुसूचित जात, म्हणजे आपलीच माणसे. चामड्याचे काम, बारीक भरतकाम आणि आरसे बसवलेले मातीचे नक्षीकाम यांत त्यांचा हात धरणारे थोडे. त्यांची कला शहरातल्या दिवाणखान्यांत पोचली, पण करणाऱ्याचे नाव मागेच राहिले. त्यांच्या ओट्यावर बसा, त्यांच्या घरचा चहा घ्या, पोरांच्या शिक्षणाची चौकशी करा. वस्तू घ्यायची तर थेट त्यांच्याकडून घ्या आणि घासाघीस करू नका. मजुरीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको.

एक दिवस जास्त काढता आला तर परतीच्या वाटेवर बडोद्याला उतरा. १९१७ साली परदेशात शिकून आलेल्या बाबासाहेबांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. कामाठी बागेतल्या झाडाखाली बसून त्यांनी जो संकल्प केला त्याची आठवण म्हणून आपण २३ सप्टेंबर हा संकल्प दिन पाळतो. आज आपण कुटुंबासह कुठे उतरायचे ते स्वतः ठरवतो, तिकीट काढतो, पावती घेतो. हा हक्क कोणत्या झाडाखालून आला ते मुलांनी डोळ्यांनी पाहिले पाहिजे.

रेल्वेचे आरक्षण दोन महिने आधी खुले होते. तेव्हा येत्या रविवारी वंदना झाली की विहारातच वही उघडा, नावे लिहा आणि महिन्याला थोडी थोडी वर्गणी जमवायला लागा. ज्या घराला जमणार नाही, त्या घरातले निदान एक मूल तरी सर्वांनी मिळून न्या.

जय भीम!