वऱ्हाड कुणाच्या पगारापायी गेले?

मित्रराष्ट्रे फौजेची आणि पैशांची बोलणी बंद दाराआड कशी करतात, यावर लिहा, असे संपादकांनी सुचवले. डोळ्यांपुढे अर्थात आजच्या बातम्या असणार. दक्षिण कोरिया आपल्या भूमीवरच्या अमेरिकी फौजेच्या खर्चाचा वाटा १९९१पासून उचलतो आहे आणि दर नव्या कराराआधी तीच घासाघीस होते. पण मी चितेगावात राहतो. या विषयाचा सर्वांत बोलका दाखला इथून तासाभरावर, औरंगाबादच्या क्रांती चौकात आहे.

गेल्या गणेशोत्सवात व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी ठामपणे सांगितले, "निजाम उधळ्या होता, म्हणून वऱ्हाड इंग्रजांकडे गेले." मी हरकत घेतली, तर लगेच प्रश्न आला, "सर, तुम्ही निजामाची बाजू घेताय?" निजाम राजवटीत रझाकारांचा जाच सोसलेल्या मराठवाड्यात हा प्रश्न झोंबतो. बाजू घेण्याचा प्रश्नच नाही. मी राजनैतिक करारांचा अभ्यासक आहे आणि मला फौजेच्या पगाराचा हिशेब तपासायचा आहे.

शाळेपासून आपण 'तैनाती फौज' एवढेच शिकतो. प्रत्यक्षात हैदराबाद राज्यात इंग्रजी अमलाखालच्या फौजा दोन होत्या, आणि हा फरक सांगून सांगून मी थकलो आहे. पहिली ती खरी तैनाती फौज, सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतली. तिच्या खर्चासाठी १८००च्या तहात निजामाने बल्लारी-कडप्याचा मुलूख कायमचा तोडून दिला. म्हणजे तिचे पैसे आगाऊच चुकते झाले. याच तहाच्या बाराव्या कलमानुसार युद्ध पेटले तर निजामाने आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीला धाडायचे होते. युद्ध पेटले तर! पुढे याच कलमाच्या आडोशाने हैदराबाद दरबारातले इंग्रज प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल यांनी इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली दुसरी फौज उभी केली. तीच हैदराबाद कंटिंजंट. पेशवाई १८१८मध्ये बुडाली, युद्ध संपले, तरी ही फौज औरंगाबाद, हिंगोली, अचलपूर इथे तशीच राहिली. खर्च वर्षाला चाळीस लाखांच्या घरात गेला. पगार भागवायला पामर कंपनी या सावकारी पेढीकडून शेकडा २४-२५ दराने कर्ज काढले गेले. 

आता माझ्या मते कळीचा कागद. शांततेच्या काळात ही फौज पोसणे १८००च्या तहाने निजामावर बंधनकारक होते, असे प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही, अशी कबुली खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी १८५३च्या टिपणात दिली आहे. ही कबुली दिल्यावरही त्यांनी या फौजेच्या थकबाकीची वसुली सोडली नाही.

रेसिडेंट कर्नल लो यांनी त्या वर्षी निजाम नासिरुद्दौला यांच्याशी मुलूख सोपवण्याची बोलणी चालवली. वडिलोपार्जित मुलूख विनाकारण देणे आणि इमानी सैनिकांना घालवणे, या दोन्ही गोष्टी राजाला लांच्छनास्पद आहेत, असे निजामाने त्यांना सांगितले. बोलणी अडली. तेव्हा रेसिडेंटचे सहायक डेव्हिडसन यांनी १४ मे रोजी दिवाण सिराज-उल-मुल्क यांना एक खासगी चिठ्ठी लिहिली. पुण्याहून आपल्या पुतण्याचे पत्र आले आहे, ७८व्या हायलँडर पलटणीला हैदराबादवर कूच करण्यास सज्ज राहण्याचा हुकूम आहे, असे तिच्यात लिहिले होते. अधिकृत धमकी कुठेच नाही. फक्त एका पुतण्याचे पत्र! २१ मे रोजी तह झाला आणि सुमारे पन्नास लाखांच्या उत्पन्नाचा वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हा मुलूख इंग्रजांकडे सोपवला गेला. आठवड्याच्या आत दिवाण वारले. पुढचे दिवाण त्यांचे पुतणे सालारजंग.

थकीत म्हणून दाखवलेली रक्कम चाळीस लाखांवर होती. त्यावर निजाम सरकारचे म्हणणे असे, की सिकंदराबाद-जालना छावण्यांची अबकारी १८१२पासून इंग्रज आपल्याकडेच ठेवत होते. ती वजा केली तर थकबाकी जवळजवळ उरतच नाही. मला हे म्हणणे ग्राह्य वाटते. दरबारात उधळपट्टी होती, हे मी नाकारत नाही. पण वऱ्हाड गेले ते त्या उधळपट्टीच्या खात्यावर नव्हे.

याच कंटिंजंटच्या पहिल्या रिसाल्याने जून १८५७मध्ये औरंगाबादेत बंड केले. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध नेणार, ही बातमी पसरली होती आणि निजामाच्या राज्याबाहेर लढायला आपण बांधील नाही, असे स्वारांचे म्हणणे होते. पुण्याहून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने ते बंड मोडले. क्रांती चौकातला काळा चबुतरा त्या स्वारांना दिलेल्या शिक्षेची जागा आहे.

आता पुन्हा हिशेबाकडे. १८५३च्या तहात वर्षाचा हिशेब देऊन शिल्लक परत करण्याचे वचन होते. १८६०च्या तहाने धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, पण वऱ्हाडचा हिशेब देण्याची इंग्रजांवरची जबाबदारी संपली. सालारजंग १८७६मध्ये इंग्लंडला जाऊन आले, तरी वऱ्हाड परत मिळाले नाही. १९०२मध्ये कर्झन यांनी सालीना २५ लाखांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि ज्या फौजेच्या पगारासाठी हा मुलूख घेतला होता, ती लगेचच हिंदुस्थानी सैन्यात विलीन करून टाकली. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.