पाचशे शहात्तर मिनिटे

ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव मी पहिल्यांदा वाचले ते काजूच्या पुडक्यावर. माझे थोरले मामा मुंबई-गोवा रस्त्यावर मालमोटार चालवीत. परतीच्या खेपेत महाडला गाडी लावून ते सवला आमच्याकडे एखादी रात्र काढीत आणि आईच्या हातावर काजूचे पुडके ठेवीत. पुडक्याचा कागद गोव्यातल्या कुठल्या तरी मराठी दैनिकाचा असे. १९८४ साली आलेल्या अशाच एका कागदावर हवेत आडवा झालेल्या माणसाचे छायाचित्र होते. खाली गोव्याने संतोष करंडक जिंकल्याची बातमी होती. तिचा अर्धा भाग तेलाने पुसट झाला होता. जो वाचता आला त्यात एकच गोष्ट मला नवल वाटावी अशी होती: या माणसाने ५७६ मिनिटे चेंडू आत जाऊ दिला नव्हता.

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि फुटबॉलचा एकही सामना पाहिलेला नव्हता. सव हे कबड्डीचे गाव. महाड-पोलादपूर या साऱ्या पट्ट्यातच कबड्डीखेरीज दुसऱ्या खेळाला खेळ म्हणायची पद्धत नव्हती. क्रिकेट होते, पण ते मुंबईहून सुटीत आलेल्या पोरांचे. कबड्डीत एकटेपणा ज्याच्या वाट्याला येतो तो चढाई करणारा. तो दुसऱ्यांच्या अंगणात एकटा जातो, पण त्या एकटेपणाला एका दमाची मुदत असते, आणि तो बाद झाला तरी त्याच्या संघाने पलीकडचा गडी टिपला की तो पुन्हा जिवंत होऊन मैदानात येतो. हा खेळ फार दयाळू आहे असे मला अजूनही वाटते. गोलरक्षक आपल्याच अंगणात एकटा असतो, नव्वद मिनिटे असतो, आणि त्याच्या हातून सुटलेला चेंडू कुणीही परत जिवंत करीत नाही. संघाने पुढे दोन गोल केले तरी तो एक गोल त्याच्या नावावर राहतोच.

शंखवाळकरांचा जन्म १९५४ चा, ताळगावचा. पणजीत वाढलेला हा मुलगा सत्तरीच्या दशकात साळगावकर संघात गेला आणि आपल्या उमेदीची बहुतेक सारी वर्षे त्याच संघाकडून खेळला. खाणमालकांनी उभे केलेले संघ आणि चर्चसमोरची मैदाने यांतून गोव्याचा फुटबॉल वाढला हे खरे; तरी देशाच्या फुटबॉलमध्ये गोव्याचे नाव तेव्हा कलकत्त्याच्या मागेच घेतले जाई. संतोष करंडक १९४१ मध्ये सुरू झाला तो बंगालने जिंकला, आणि पुढेही बंगालच जिंकत राहिला. १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्याला हा करंडक प्रथम मिळाला तो १९८३ मध्ये, तोही बंगालबरोबर वाटून. पुढच्याच वर्षी मद्रासला पंजाबला एका गोलाने हरवून गोव्याने तो एकट्याने घेतला. संघाचा कप्तान गोलरक्षक होता. १९८३ ते १९८६ या काळात भारतीय संघाचे कप्तानपदही त्याच्याकडे होते. १९९७ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला; गोव्याच्या फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिलाच.

पण मला अडकवून ठेवले ते त्या आकड्याने. ५७६ मिनिटे म्हणजे सहा पूर्ण सामने आणि वर छत्तीस मिनिटे. विक्रम म्हणजे काहीतरी घडल्याची नोंद, अशी आपली समजूत असते: इतके गोल, इतक्या धावा, इतके बळी. हा विक्रम काही न घडल्याचा आहे. त्याचे वर्णन कसे करायचे? बातमीदाराने तरी काय लिहायचे? गोल झाला की त्याला कर्ता असतो, मिनिट असते, उजवा पाय की डावा हे असते. न झालेल्या गोलाला यातले काहीच नसते. शिवाय चांगला गोलरक्षक जितका चांगला, तितका तो रिकामा दिसतो. तो एक पाऊल पुढे सरकून उभा राहतो, कोन लहान होतो, समोरच्याला मारायला जागा दिसत नाही आणि तो चेंडू बाजूला देऊन टाकतो. प्रेक्षकांना वाटते, हल्ला फसला. तो कुणी फसवला हे लिहून ठेवायला कोणी नसते. कागदावरचे ते आडवे झेपावणे पाहून मी वेडा झालो होतो; पुढे कळले की झेप हा पुष्कळदा आधीच्या चुकलेल्या पावलाचा दंड असतो. (छायाचित्रकारांना हे सांगून उपयोग नाही.)

हे मला कळले ते फार उशिरा, आणि ज्या रीतीने कळायला हवे होते त्या रीतीने नव्हे. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा उंचीमुळे मला महाविद्यालयाच्या संघात गोलात उभे केले गेले. गोलरक्षकाला काही शिकवायचे असते ही कल्पनाच तिथे नव्हती. बाकीचे दहा जण सराव करीत आणि शेवटी पंधरा मिनिटे सगळ्यांनी माझ्यावर चेंडू मारायचे, हाच माझा सराव. ज्या सामन्याने माझा खेळ संपला त्यात चेंडू अगदी संथ, घरंगळत आला होता. मी वाकलो, पण वाकताना पुढे चेंडू कुणाकडे फेकायचा ते पाहण्यासाठी मान वर केली. चेंडू दोन्ही पायांमधून आत गेला. आमचे प्रशिक्षक सर्वांसमोर म्हणाले, "ज्याला बाकी काही येत नाही त्याला गोलात उभं करतात, त्यालाही हे येत नाही." मी परत गेलो नाही. त्या वाक्याचा राग मला पुष्कळ वर्षे पुरला. आता वाटते, अपमान सोसता आला असता. पण चेंडू छातीशी घट्ट येईपर्यंत नजर वर करायची नाही, आणि हात चुकले तर आड यावा म्हणून एक गुडघा मागे जमिनीशी टेकवायचा, ही दोन साधी वाक्ये मला तिथे कुणी सांगितली नाहीत, हे नुकसान त्याहून मोठे होते.

लेखकांना गोलरक्षक आवडतो. काम्यू अल्जिअर्सला विद्यापीठाच्या संघात गोलात उभा राहत असे, १९३० मध्ये क्षयाने गाठेपर्यंत. नाबोकोव्ह केंब्रिजला गोलरक्षक होता. हांडकेच्या कादंबरीचा नायक माजी गोलरक्षक आहे. तो निवृत्तीनंतर खून करतो, पण एखाद्या पोराला चेंडू धरायला शिकवीत नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे. साहित्याला गोलरक्षकाचे एकटेपण हवे असते, ते पुरवून पुरवून वापरता येते. तो माणूस पस्तिशी-चाळिशीनंतर काय करतो, आपण जमवलेले कुणाच्या हाती देतो, यात साहित्याला रस दिसत नाही. माझ्या लेखी खरी गोष्ट तिथे सुरू होते.

मेक्सिकोच्या अंतोनियो कार्बाखालचेच पाहा. २४ जून १९५० रोजी माराकानावर विश्वचषकाचा पहिला सामना झाला. ब्राझीलने मेक्सिकोला चार गोल मारले. मेक्सिकोच्या गोलात एकवीस वर्षांचा कार्बाखाल होता, समोरच्या गोलात बार्बोसा. (याच स्पर्धेला भारताचा संघ जाणार होता, गेला नाही.) तीन आठवड्यांनी, १६ जुलैला, त्याच मैदानावर उरुग्वेचा दुसरा गोल बार्बोसाच्या जवळच्या खांबाशेजारून आत गेला आणि त्या एका गोलाचा दोष ब्राझीलने त्याच्या माथी २००० मध्ये तो मरेपर्यंत ठेवला. कार्बाखालचे नशीब निराळे. तो पाच विश्वचषक खेळला, १९५० ते १९६६. तोवर असे कुणीच केले नव्हते. पण पाच विश्वचषकांत मिळून सामने अकरा, आणि त्यांत पंचवीस गोल खाल्लेले. विजय एकच, १९६२ मध्ये चेकोस्लोव्हाकियावर, ७ जूनला, त्याच्या तेहतिसाव्या वाढदिवशी. ज्यात एकही गोल खाल्ला नाही असा सामनाही एकच आणि तो अगदी शेवटचा, १९६६ मध्ये वेम्ब्लीवर उरुग्वेशी शून्य-शून्य. नव्वद मिनिटांच्या त्या शून्यासाठी त्याला सोळा वर्षे लागली. मला शंखवाळकरांच्या ५७६ मिनिटांशेजारी ही नव्वद मिनिटे ठेवून बघायला आवडते. दोन्ही खरी आहेत.

खेळ संपल्यावर दोघेही शिकवण्याकडे वळले, पण वेगळ्या दारांनी. कार्बाखाल संपूर्ण संघाचा प्रशिक्षक झाला. मोरेलिया या संघाकडे तो १९८४ नंतर सुमारे दहा वर्षे होता. जिथे चार सामने हरले की प्रशिक्षकाला घरी पाठवतात त्या देशात ही दहा वर्षे म्हणजे चमत्कारच. लीगचे विजेतेपद त्या दहा वर्षांत मिळाले नाही, तरीही तो टिकला. २०२३ च्या मे महिन्यात, त्र्याण्णव वर्षांचा होऊन तो वारला. शंखवाळकर गोलरक्षकांचे प्रशिक्षक झाले, पुढे राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांचेही. हे दार लहान आहे. मुख्य प्रशिक्षकाचे नाव वर्तमानपत्रात येते, संघ हरला की शिव्या तरी मिळतात. गोलरक्षकांना शिकवणारा मैदानाच्या एका कडेला दोन-तीन पोरांना घेऊन असतो आणि त्याच्या कामाचे फळ म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हातून न घडलेली चूक. काही न घडण्याचा तोच धंदा, आता आणखी एका माणसाच्या आडून करायचा.

त्यातही एक अडचण अशी, की त्यांच्या पिढीला स्वतः जे खेळावे लागले नव्हते ते शिकवण्याची वेळ आली. १९९२ मध्ये नियम बदलला. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येईना. त्याआधी सामना लांबवायचा असला की बचावपटू चेंडू मागे देई, गोलरक्षक तो उचली, चार पावले चाले, श्वास घेई. त्या एका वाक्याच्या नियमाने गोलरक्षकाला पाय दिले आणि त्याची विश्रांती काढून घेतली. शंखवाळकरांचा खेळ तोवर जवळजवळ संपत आला होता. म्हणजे ज्या माणसाचे सारे ज्ञान हातांत साठले होते त्याने पुढच्या पोरांना पाय शिकवायचे. शिकवणे म्हणजे आपल्याला येते ते देणे, असे आपण समजतो; इथे आपल्याला कधी लागले नव्हते तेही द्यायचे होते. मी ज्या शाळेत मराठी शिकवतो तिथे दर पाच-सात वर्षांनी अभ्यासक्रम बदलतो आणि शिक्षकांच्या खोलीत कुरकुर सुरू होते. मीही तीत असतो. तेव्हा मला हे आठवते आणि मी थोडा वेळ गप्प बसतो, फार वेळ नाही.

माझी बहीण सवच्या शेजारच्या वाडीत दिली आहे. तिच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी फुटबॉलचे वेड लागले. आता पोरे मोबाइलवर सगळ्या जगाचे सामने पाहतात, पुडक्यांची वाट पाहावी लागत नाही. तो उंच आहे, म्हणून गोलात उभा केला गेला. एवढ्या वर्षांत तेवढे मात्र बदललेले नाही. दिवाळीत गावी गेलो तेव्हा म्हणाला, "मामा, तू कॉलेजात गोलकीपर होतास ना? मग शिकव की." मी त्याला ती गोष्ट सांगितली, पायांतून गेलेल्या चेंडूची. माझ्या पुतण्यांनाही ती माहीत नाही. तो हसला नाही. त्याने फक्त विचारले, "मग तू बघत कुठे होतास?" इतका नेमका प्रश्न मला त्या दिवशी त्या मैदानावर कुणी विचारला असता तर!

भातकापणी होऊन शेत मोकळे झाले होते. वाल पेरायच्या आधीचे थोडेच दिवस हे आमचे मैदान. धसकटे टोचतात, झेप घेतली की कोपर सोलवटते, म्हणून पोरे झेप घ्यायचेच टाळतात. पाय आपोआप नीट पडू लागतात. मी त्याला सहा दिवस फक्त जमिनीवरून घरंगळत येणारा चेंडू दिला. गुडघा मागे, नजर चेंडूवर, छातीशी घेऊनच मान वर. तो कंटाळला, मीही कंटाळलो. संध्याकाळी गरम पाण्याच्या कुंडाशी जाऊन सोलवटलेली कोपरे शेकत बसायचो. गंधकाच्या त्या वासात लहानपणी मी खरूज घालवायला बसत असे.

जानेवारीत महाडला त्याचा सामना होता. मी पुण्याहून आलो. सामना शून्य-शून्य सुटला. मला तीन वेळा दिसले: चेंडू अजून लांब असतानाच तो अर्धे पाऊल डावीकडे सरकला आणि समोरच्या पोराने मारायचे सोडून चेंडू बाजूला दिला. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखे काही झालेच नव्हते. एसटीत बसल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "मामा, आज माझ्याकडं काही आलंच नाही रे."

मी त्याला त्या तीन वेळा सांगितल्या. त्याने पहिली मान्य केली, दुसरीवर वाद घातला, तिसरी त्याला आठवेना. तिच्यावर आम्ही घरी पोहोचेपर्यंत बोलत होतो.